काळी पडणारी निरांजनं

एसी बसवून दीड वर्षही झालं नव्हतं. मेकॅनिकने झाकण काढलं, कॉइलवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं. "ताई, गॅस भरून देतो, पण टिकायचा नाही. वालधुनी नदीच्या काठाला सगळीकडे हेच. तांबं खाल्लं जातं."

मला देवघरातली निरांजनं आठवली. माहेरून आलेली चांदीची जोडी. दंतमंजनाने घासून लख्ख केली तरी पंधरा दिवसांत काळपट. पायातली जोडवीही तशीच. अंगातली उष्णता, असं सासूबाई म्हणायच्या आणि मलाही ते पटलेलं होतं. त्या दिवशी निरांजन आणून कॉइलशेजारी धरलं. दोन्हींवर तोच काळपटपणा. नदी आमच्या घरात कधीच शिरली होती.

सासूबाई अंबरनाथच्या. तिथलं शिवमंदिर याच वालधुनीच्या काठी 1060 साली उभं राहिलं. लहानपणी महाशिवरात्रीला नदीत पाय धुऊन त्या गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरायच्या. मी लग्न होऊन उल्हासनगरात आले तेव्हा पुलावरून पाणी एके दिवशी निळं दिसायचं, दुसऱ्या दिवशी काळं. निळं म्हणजे जीन्सचा रंग, एवढं इथलं पोरही सांगेल. काळा रंग कपड्यावर चढवायला बरेचदा सोडियम सल्फाइड वापरतात, हे मला फार उशिरा कळलं. रंगाचं ते पाणी तसंच नदीत सोडलं आणि वरून कुणी आम्ल ओतलं, की सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तांबं आणि चांदी काळी पडते ती यानेच. आपल्या मोऱ्या-संडासांचं पाणीही नदीतला प्राणवायू संपवतं आणि मग गाळातून हाच वायू निघतो. तो दोष आमचाही आहे. पण घरच्या सांडपाण्याने माणसं एका पहाटेत कोसळत नाहीत.

ती पहाट नोव्हेंबर 2014 मधली. अंधारात टँकर आणून रसायन वालधुनीत सोडलं होतं. डोळे चुरचुरून जाग आली. घशात तिखट कोंबल्यासारखं झालेलं. सासूबाई मोरीपाशी बसून ओकत होत्या. ओला पदर त्यांच्या नाकाला धरून मी जिना उतरले, तर गल्लीभर माणसं खोकत होती, बायका पोरांना कडेवर घेऊन रिक्षा शोधत होत्या. त्या दिवशी शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. टँकर रिकामा करणाऱ्याला खाली माणसं झोपली आहेत हे ठाऊक होतं. हा राग माझ्या मनातून जात नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. हा वायू फार झाला की नाक बधिर होतं, वास यायचाच थांबतो.

तेव्हापासून सासूबाई पहाटे उठून खिडकीशी उभ्या राहतात. वास आला तर खिडकी लावून घेतात. नाही आला, तर मला हलवून उठवतात आणि विचारतात, "तुला येतोय का गं?"