खिंडीच्या दोन्ही बाजूंना

ऑस्ट्रियातल्या टिरोल राज्याचा नकाशा उघडला की डोळ्यांत भरतो तो तपकिरी रंग. हिरवा त्यात इतका थोडा, की इन नदीच्या काठाकाठाने कुणी ओलं बोट फिरवून ठेवलंय असं वाटावं. कायमच्या वस्तीला लायक जमीन जेमतेम आठवा भाग. बाकी कातळ, हिम, रान आणि उन्हाळी कुरणं. तेवढ्याशा जागेत इन्सब्रुक शहर धरून नऊ जिल्हे आणि पावणेतीनशेहून अधिक गावं दाटीवाटीने नांदतात. ग्रामाइस नावाच्या गावात तर पन्नासेक माणसं, पण त्यांनाही आपला निवडलेला सरपंच आहे, याचं मला उगाच कौतुक वाटतं.

यातला लिएंझ जिल्हा, म्हणजे पूर्व टिरोल, मात्र बाकीच्या राज्याला कुठेच टेकत नाही. मधला दक्षिण टिरोल १९१९च्या सां-जर्मां तहाने इटलीला गेला आणि हा तुकडा पलीकडे एकटा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षं लिएंझहून इन्सब्रुकला, म्हणजे आपल्याच राजधानीला, जाणारी गाडी इटलीतून धावे, आणि त्या टप्प्यात कुणी चढायचं नाही, उतरायचं नाही. खिडकीबाहेर आजोळची गावं सरकत असतील आणि दार बंद, अशीही माणसं त्या डब्यांतून गेली असणार. १९६७ साली फेल्बरटाउअर्न बोगदा झाला, तेव्हा कुठे मोटारीने ऑस्ट्रियातूनच, पण साल्झबुर्ग राज्याला वळसा घालून, जाण्याची बारमाही सोय झाली. आणि ज्या किल्ल्यावरून या साऱ्या मुलखाला टिरोल हे नाव पडलं, तो मेरानजवळचा किल्लाही आज इटलीतच आहे.

सीमा आखणाऱ्यांनी पाण्याचा आधार घेतला होता. १३७० मीटर उंचीच्या ब्रेनर खिंडीत पडलेल्या पावसातला उत्तरेकडचा ओघ झिल, इन, डॅन्यूब करत काळ्या समुद्राला जातो, दक्षिणेकडचा आयझाक आणि आडिजेच्या वाटेने एड्रियाटिकला. तर्क देखणा खरा, पण सोयीनुसार वाकवलेला: इनिखेन हे गाव ड्राऊ नदीच्या, म्हणजे डॅन्यूबच्याच, पाणलोटातलं, तेही इटलीलाच गेलं. आणि मुळात टिरोल जन्माला आलं ते खिंडीमुळे. माल, यात्रेकरू, सम्राटांच्या स्वाऱ्या सारं त्याच वाटेने जाई आणि दोन्ही उतारांवरचे लोक त्याच रहदारीवर जगत. पाणी जिथे दुभंगतं तिथेच माणसं जोडलेली असू शकतात, हे तहाच्या कागदात मावलं नसावं.

१९९१ साली ओत्झ आल्प्समध्ये बर्फातून पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस निघाला, तेव्हा तो कोणाचा, हे मोजणी करून ठरवावं लागलं. सीमेपासून सुमारे ९३ मीटर आत, म्हणून इटलीचा. तिथलं पाणी आता उत्तरेला, ऑस्ट्रियाकडे वाहतं. पण रेषा आखली तेव्हा जागेवर हिमनदी होती, आणि एकदा आखलेली रेषा हिमासारखी वितळत नाही.

त्याच डोंगरावरून दर जूनमध्ये इटलीतल्या श्नाल्स खोऱ्यातले मेंढपाळ हजारो मेंढ्या घेऊन नीडरयोखसारख्या उंच खिंडी ओलांडतात आणि ऑस्ट्रियातल्या वेंट गावाजवळच्या कुरणांवर उतरतात. कधी वाटेत ताजं बर्फ लागतं. मग माणसं पुढे होऊन ते तुडवतात, कोकरं उचलून घेतात. सप्टेंबरात कळप माघारी येतो. त्या कुरणांवरचे चराईचे हक्क कित्येक शतकांचे आहेत. राज्य एकाचं आणि गवत दुसऱ्याचं, ही वाटणी १९१९नंतरही तशीच चालू राहिली आहे.