आजी, बाबा आणि बी-ट्वेल्व्ह

‘तू कोनाची वं पोरी?’

मागच्या दिवाळीत संग्रामपूरला ओट्यावर बॅग टेकवत होते, तेव्हा आजीनं विचारलं. मला वाटलं, गंमत करतेय. पण पंधरा मिनिटांत तिनं तीनदा ‘च्या घेते का?’ विचारलं. त्यातलं शेवटचं तर माझा चहा पिऊन झाल्यावर.

घरात सगळ्यांचं एकच, ‘वय झालं आता.’ झालंच आहे, अठ्ठ्याहत्तर. पण आजी माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. आणि शुगरसाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, आणि ते कमी झालं की स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. हे मला गुगलनं सांगितलं, तिच्या डॉक्टरांनी कधीच नाही. (गोळी बंद करायची नाही हं, फक्त तपासून घ्यायचं.) शेगावला नेऊन रक्त तपासलं. आकडा फारच खाली होता.

इंजेक्शनं सुरू झाली आणि मी वाचत सुटले.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त जणींचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. ज्यांचं फारच कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली. असं का होत असेल? डीएनएवर मिथाइल नावाच्या बारीक खुणा चिकटतात आणि कुठलं जनुक किती काम करणार ते ठरायला मदत होते. जनुक तेच, बटण वेगळं. या खुणा बनवायला बी-ट्वेल्व्ह लागतं. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात भयंकर उपासमार झाली. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या खुणा साठ वर्षांनीही वेगळ्या दिसल्या. सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार सोसलेले तर साठीच्या आतच लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत मागे पडले.

इथे मी लॅपटॉप मिटला.

१९७२चा दुष्काळ. आजी खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढायची, आणि पोटात बाबा होते. हे तिनंच शंभरदा सांगितलंय. बाबांना चाळिशीतच डायबिटीस लागला. हल्ली चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. तसं तर मीही मोबाइल हातात धरून मोबाइल शोधते म्हणा!

तरी एक धागा मी धरून ठेवलाय. ऑक्सफर्डमध्ये विसरायला लागलेल्या काही ज्येष्ठांना दोन वर्षं बी गटातली जीवनसत्त्वं दिली. निकाल २०१०मध्ये आला. ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन सर्वांत जास्त होतं, त्यांचा मेंदू आक्रसायचा वेग जवळपास निम्म्यावर आला. गेलेलं सगळं परत येत नाही, हे मात्र खरं.

आजी आता चहाचं एकदाच विचारते. माझ्या नावाशी अजून अडखळते. सुकडीची चव मात्र बारीकसारीक सांगते.

बाबांना फोन केला, ‘तुम्हीपण टेस्ट करा.’ ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणाले. पण गेले. रिपोर्ट सोमवारी येतोय. त्याच दिवशी माझाही.