निवलेलं लोखंड

भिलाईत वाढलेल्या माणसाला थांबणं वेगळं शिकावं लागतं. हे गावच न थांबण्याच्या अटीवर वसलं. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्‌घाटन झालं, आणि तेव्हापासून इथली घरं तीन पाळ्यांत जगत आली. ब्लास्ट फर्नेस एकदा पेटली की वर्षानुवर्षं पेटती ठेवायची असते. वरून खनिज, कोक आणि चुनखडी, खालून तापलेल्या हवेचा झोत, आणि तळाशी दीड हजार अंशांच्या घरातला लोखंडाचा रस. दुरुस्तीसाठी झोत काही काळ बंद करता येतो, पण त्याचीही आधीपासून तयारी लागते. भट्टी अवेळी आणि फार काळ थांबली तर तळातला रस गोठतो आणि तिच्या पोटात धोंडा होऊन बसतो. म्हणून सेक्टरांमधल्या क्वार्टरांतून दिवाळीच्या दिवशीही कुणाचे तरी वडील डबा घेऊन शिफ्टला निघायचे, आणि घरातलं कुणी तक्रार करायचं नाही.

आमच्या ओळखीचे एक काका असंच आयुष्य घालवून निवृत्त झाले. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, प्लांटच्या नोकरीनं इथे आले आणि इथलेच झाले. मुलगा पुण्याला असतो. एका सुट्टीत त्यानं घरातले सगळे अल्बम स्कॅन करून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवले. पुढे क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात जाताना छापील फोटोंना पावसाचं पाणी लागलं, आणि त्या घराचं मागचं सगळं आयुष्य तळहाताएवढ्या काळ्या डबीत उरलं. ती डबी चालू असतानाच टीव्हीशेजारून फरशीवर पडली. उचलून पुन्हा लावली तर आतून आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. जरा शांतता. पुन्हा टक्, टक्.

काकांनी केबल बदलून लावली, दुसऱ्या संगणकाला लावली, तासाभरानं पुन्हा लावली. ज्या हातांनी उभ्या आयुष्यात भट्टी थंड होऊ दिली नाही, त्या हातांना दुसरं काय सुचणार! शेजाऱ्यांपैकी कुणी सांगितलं, फ्रीजरमध्ये ठेवा. कुणी म्हणालं, हलकेच ठोकून बघा. कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडायलाच तयार. संगणक तर स्वतःहून विचारत होता, फॉरमॅट करू का? शेवटी भिलाईतल्या पॉवर हाऊस भागाच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या तरुण मुलानं आवाज ऐकला, लगेच केबल काढली आणि एवढंच म्हणाला, "अंकल, अब इसको मत चलाइए."

त्या वाक्याचं मोल कळायला डबीच्या आत काय असतं ते पाहावं लागतं. आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या असतात, त्यांना प्लॅटर म्हणतात. अशा लहान डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेतात, म्हणजे चकतीची कड ताशी साठेक किलोमीटरच्या वेगानं पळत असते. तिच्यावर बारीक दांडीच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं हेड असतं. ग्रामोफोनची सुई तबकडीवर फिरते तसं हे हेड फिरतं, पण सुई टेकते आणि हेड टेकत नाही. फिरत्या चकतीमुळे तयार झालेल्या हवेच्या थरावर ते तरंगतं, पृष्ठभागापासून मोजक्या नॅनोमीटरवर. माणसाचा केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. सिगारेटच्या धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावत नाही. मग भिलाईच्या उन्हाळ्यात खिडक्यांवर साचणाऱ्या धुळीचं काय सांगावं? घरच्या टेबलावर ही डबी उघडणं म्हणजे तिच्यात दगड ओतणंच.

चकतीवर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा आधीपासून लिहिलेल्या असतात. हेड दुखावलं की त्याला त्या दिसेनाशा होतात. दांडी आत जाते, वाट सापडत नाही, कडेला परत येते, पुन्हा आत जाते. तो टक्टक् आवाज या येरझाऱ्यांचा. वाकलेलं हेड अशा फेऱ्यांत चकतीला घासलं तर वरचा चुंबकीय थर खरवडला जातो. फोटो त्या थरातच असतात. खरवडलेल्या थराची पूड होते, आणि त्या पुडीतून फोटो परत आणणारी प्रयोगशाळा जगात कुठेही नाही. "अजून एकदा लावून बघू" यातला प्रत्येक 'एकदा' कुणाचा तरी चेहरा पुसत असू शकतो.

या डबीचं आणि आमच्या गावाचं नातं मला फार जवळचं वाटतं. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये आणली, म्हणजे इकडे भिलाईची उभारणी सुरू होत होती त्याच सुमारास. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. त्या चकत्यांवर लेप होता लोहाच्या ऑक्साइडचा. बालोद जिल्ह्यातल्या दल्ली राजहऱ्याच्या खाणींतून भिलाईच्या भट्ट्यांकडे जे लाल हेमेटाइट येतं, तेही लोहाचं ऑक्साइडच. कणांची रचना वेगळी असली तरी कूळ एक. आजच्या डिस्कवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा थर असतो, पण रीत तीच. अतिसूक्ष्म कण छोटे चुंबक होऊन एका दिशेला तोंड करून उभे राहतात, आणि त्या दिशांच्या ओळींतून अक्षर, आवाज, चेहरा वाचला जातो.

लोखंडाची आणखी एक गोष्ट मला या निमित्तानं नव्यानं कळली. ७७० अंश सेल्सियसच्या वर गेलं की लोखंडाला चुंबकत्व धरता येत नाही. भट्टीतल्या रसाला काहीच लक्षात ठेवता येत नाही. त्याचा रूळ होईल, पुलाचा गर्डर होईल, जहाजाचा पत्रा होईल, पण खूण धरून ठेवायची तर त्याला आधी निवावं लागेल. घडण्यासाठी धग लागते आणि आठवण्यासाठी थंडावा, हे मला इतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. भिलाईनं देशाला धग दिली. त्या धगीत ज्यांचं तारुण्य गेलं, त्यांच्या आठवणींना मात्र वेगळा सांभाळ हवा.

काका-काकी डिस्क घेऊन दुर्गहून आझाद हिंद एक्स्प्रेसनं पुण्याला निघाले. भारतीय रेल्वेचे रूळ कित्येक दशकं भिलाईच्या मिलमधून जात आले आहेत. काकांच्या उमेदीतलं लोखंड चाकांखाली आणि त्यांचं सगळं घर काकींच्या मांडीवरच्या पिशवीत, मऊ दुलईच्या तुकड्यात गुंडाळलेलं, असा तो प्रवास झाला.

तिथल्या डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेत जे काम होतं, त्यात धांदलीला जागा नसते. गाळलेली हवा सतत वाहती असलेल्या स्वच्छ कक्षात डिस्क उघडतात. चकतीवर ओरखडा आहे का ते आधी पाहतात. त्याच मॉडेलची, त्याच जातकुळीची दुसरी डिस्क शोधतात, तिची चांगली हेडं काढून जखमी डिस्कमध्ये बसवतात. बाहेरचं सर्किट बोर्ड बदलायची वेळ आली तर नुसतं तसंच दिसणारं बोर्ड लावून भागत नाही, कारण बहुतेक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्या बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असते आणि ती नव्या बोर्डावर न्यावी लागते. एवढं करून हेडं वाचू लागली तरी फोटो शोधायला कुणी धावत नाही. आधी संपूर्ण डिस्कची सेक्टरमागून सेक्टर, म्हणजे कप्प्यामागून कप्पा, अशी प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवतात, आणि शोधाशोध त्या प्रतीवर करतात. मूळ डिस्कला पुन्हा त्रास द्यायचा नाही, तिच्यावर नवं काही लिहायचं तर नाहीच.

ही प्रत उतरवण्याची पद्धत मला विशेष भावते. ग्नू डीडीरेस्क्यू नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी लिहिलेलं आहे. पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारा भाग घेतं. जिथे डिस्क अडखळते तिथे हट्ट न करता पुढे जातं, आणि काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ठेवतं. जवळपास सगळं हाती आल्यावरच ते दुखऱ्या जागांकडे वळतं, आधी त्यांच्या कडा, मग आतला एकेक सेक्टर. दुखावलेल्या माणसाशी बोलण्याचीही याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. जे तो आपणहून सांगेल ते आधी ऐकावं, आणि जिथे त्याचा आवाज अडतो तिथे सगळ्यात शेवटी, हलक्या पावलानं जावं.

अशा धीराला काय फळ येतं याचं एक उदाहरण भारतीयांच्या काळजातलं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतताना टेक्ससच्या आकाशात फुटलं आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्या अवशेषांत ४०० मेगाबाइटची एक हार्ड डिस्क सापडली, जळालेली, मातीनं माखलेली. झेनॉन वायूवर यानात झालेल्या एका प्रयोगाच्या नोंदी तिच्यात होत्या. बाहेरचं सगळं वितळलं होतं, पण चकत्या बऱ्याच अंशी शाबूत होत्या. त्या स्वच्छ करून नव्या साच्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के नोंदी परत मिळाल्या. २००८ मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माणसं परत आली नाहीत, पण त्यांनी पार पाडलेलं काम विज्ञानाच्या हाती पोहोचलं. ज्या कुणी ती जळकी डबी कचरा म्हणून फेकली नाही, त्याच्याविषयी मला कायम कृतज्ञता वाटते.

काकांच्या डिस्कमधलेही बहुतेक फोटो मिळाले, पण त्यांची नावं गेली होती. डिस्कवर फोटो एका जागी असतो आणि त्याचं नाव, फोल्डर, क्रम यांची नोंद दुसऱ्या जागी. ती नोंद वाचता आली नाही तर फोटो त्याच्या अंगच्या खुणेवरून ओळखावे लागतात. प्रत्येक जेपेग फाइलची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, ती सुरुवात सापडली की पुढचं चित्र उचलता येतं. मात्र त्याच्या कपाळी एक कोरडा आकडा येतो. 'थोरलीचं बारसं', 'राजहरा सहल', 'गणपती' अशी मुलानं दिलेली नावं जाऊन तिथे 'एफ'पुढे सात-आठ अंकांची रांग उभी होती. काही फोटो अर्धेच होते, वर माणसं आणि खाली करड्या रंगाची पट्टी.

ते फोटो भिलाईला आले तेव्हा काकींशेजारी मी लॅपटॉप घेऊन बसले. काकींना सन सांगता येत नव्हते, पण त्यांच्याजवळ दुसरं पंचांग होतं. "हे पाय, या साडीची मंग गोधडी शिवली म्या. म्हणजे हा थोरलीच्या आधीचा." मैत्रीबागेतला फोटो त्यांनी काकांच्या मिशीवरून लावला. खिडकीचा पडदा, भिंतीचा रंग, पोरांच्या अंगावरचे स्वेटर कुणी विणले, या धाग्यांवरून त्या एकेका आकड्याला घर देत गेल्या. एका अर्ध्या फोटोपाशी त्या थांबल्या. वर मांडवाची झालर आणि उभी माणसं दिसत होती, खाली सगळं करडं. त्या करड्या पट्टीवर बोट ठेवून काकी म्हणाल्या, "इथे चटईवर माझी सासू बसली होती. मांडीवर पानाचा डबा." यंत्राला जिथे काही दिसत नव्हतं तिथे त्यांना सासूबाई स्पष्ट दिसत होत्या. मी तसंच लिहून घेतलं.

आठवणीच्या धाग्यावर गोष्ट उभी करणं आमच्या या मातीला नवं नाही. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई याच पोलाद कारखान्यात नोकरीला होत्या, आणि पंडवानी या महाभारतकथेच्या गायनासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पंडवानीच्या दोन शाखा मानतात, ग्रंथाला धरून चालणारी वेदमती आणि गायकाच्या स्मरणावर उभी राहणारी कापालिक. तीजनबाई दुसऱ्या शाखेच्या. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचं धनुष्य, आणि अख्खं महाभारत समोर उभं राहतं. प्रसंग कुठलाही उचला, सांगणारी व्यक्ती त्याला मागचापुढचा धागा जोडून देते. काकी त्या आकड्यांना हेच देत होत्या.

म्हणून एवढं मनापासून सांगावंसं वाटतं. डिस्क पडली, आवाज करू लागली, तर ती ताबडतोब बंद करा आणि जाणत्या हाती द्या. ती धड असतानाच तिच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी ठेवा. पण प्रती काढून काम संपत नाही. फोटोतली ती बाई कोण, तो मांडव कुणाचा, त्या दिवशी पाऊस होता का, हे कुठल्याच चकतीवर लिहिलेलं नसतं. ते एखाद्या आजीजवळ, एखाद्या काकांजवळ असतं, आणि त्याची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते. तुमच्या घरात अशी व्यक्ती असेल तर येत्या रविवारी फोटो घेऊन तिच्याशेजारी बसा, नावं विचारा, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.