परीक्षा : ऐच्छिक!

"परीक्षा ऐच्छिक आहे" हे तीन शब्द कानाला किती गोड वाटतात, नाही का? उद्या आपल्या नोटीस बोर्डावर "एम-थ्रीचा पेपर ऐच्छिक" अशी नोटीस लागली, तर हॉस्टेलवर दिवाळी होईल. ज्यांचा एम-थ्री अजून मागे राहिलाय, ते तर मेसमध्ये सगळ्यांना पेढे वाटतील!

पण मित्रांनो, आमच्या बॅचला ही नोटीस एकदा खरोखरच मिळाली होती. साल २०२१, इयत्ता दहावी. त्या एका नोटिशीवरून आमच्या बिल्डिंगमधल्या पालकांत जे महाभारत झालं, ते मी जवळून पाहिलं. तेव्हापासून 'न्याय' हा शब्द मी जरा जपूनच वापरते.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोरोनामुळे त्या वर्षी दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली. मग निकाल लावायचा कशावर? सूत्र ठरलं : १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षातल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंचे. ऐकायला ठीक वाटतं. पण आमची नववी म्हणजे २०१९-२०. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि आमची वार्षिक परीक्षा झालीच नाही. म्हणजे नववीचा निकाल मुख्यतः सहामाहीचा! दिवाळीच्या आधी सहज दिलेली ती परीक्षा पुढे आपलं कॉलेज ठरवणार आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यात माझी शाळा कॉन्व्हेंट. बोर्ड एस.एस.सी.च, पण शिस्त अशी की विचारू नका. सहामाहीचा पेपर मुद्दाम कठीण काढायचा, म्हणजे मुली सुट्टीत अभ्यासाला लागतात, ही शाळेची जुनी परंपरा. मला गणितात ६३ होते आणि ते वर्गात बऱ्यापैकी चांगले समजले गेले होते! दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत त्याच सहामाहीला सढळ हाताने नव्वदीच्या पुढे वाटले होते. आता ६३ आणि ९२ एकाच यादीत येणार. त्या वर्षी दहावीचा राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. आदल्या वर्षी तो ९५.३० होता आणि त्याच्या आदल्या वर्षी ७७.१०. तीन वर्षांत मुलं एवढी हुशार झाली नव्हती, बदलली होती ती फूटपट्टी.

यावर सरकारनं तोडगा काढला, अकरावी प्रवेशासाठी सीईटी. १०० गुणांची, दोन तासांची, राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. आणि... ऐच्छिक! फक्त गंमत अशी की जे सीईटी देतील त्यांना आधी जागा मिळणार, आणि उरलेल्या जागा न देणाऱ्यांना. ऐच्छिक म्हणजे काय, तर लग्नाचं जेवण ऐच्छिक आहे, पण पहिल्या पंगतीला बसला नाहीत तर जिलबी संपलेली असेल!

झालं. आमच्या पार्किंगमध्ये मास्क लावून, सहा फुटांवर खुर्च्या टाकून पालकांची सभा भरू लागली. माझी आई सीईटीच्या बाजूची. "शाळांनी मनाला येतील तसे मार्क वाटले. एक पेपर सगळ्यांनी द्या, दूध का दूध पानी का पानी होऊ द्या!" समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा मुलगा आय.सी.एस.ई.चा. त्या म्हणाल्या, "वहिनी, त्यानं कधी न वाचलेल्या पुस्तकावर त्याची परीक्षा घ्यायची, हा कुठला न्याय? आणि लस न घेतलेल्या पोरांना सेंटरवर पाठवायचं?" दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रिटायर्ड हेडमास्तर. ते म्हणाले, "एका दिवसाच्या पेपरवर मुलाची पारख होत नसते. वर्षभराचं काम बघा." माझे बाबा दोघा-तिघांना "तुमचंही बरोबर आहे" म्हणत होते. खरं सांगू? तेव्हा मला बाबांचा राग आला होता. आता वाटतं, सगळ्यांचं बरोबर होतं हीच तर अडचण होती.

हे भांडण तसं नवीन नव्हतं. बोर्डाबोर्डांमधली तुलना न्याय्य व्हावी म्हणून २००८ साली पर्सेंटाइलचं सूत्र आलं, ते हायकोर्टात टिकलं नाही. २००९ मध्ये एस.एस.सी.च्या मुलांना ९० टक्के जागा द्यायचं ठरलं, तेही टिकलं नाही. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' आलं. हायकोर्टानं ते रद्द केलं, पण सुप्रीम कोर्टानं मान्य केलं. दरवर्षी निकाल लागला की एक सूत्र, एक याचिका आणि एक लांबलेला प्रवेश.

२०२१ ला तेच झालं. २१ ऑगस्टला सीईटी होती. १० ऑगस्टला मुंबई हायकोर्टानं ती रद्द केली. अशी परीक्षा घ्यायला कायद्याचा आधार नाही आणि दुसऱ्या बोर्डांच्या मुलांवर त्यात अन्याय होतो, असं कोर्टाचं म्हणणं. समोरच्या काकूंनी शिरा पाठवला. आईनं तो खाल्ला, पण तोंड पाडून!

आता जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याविषयी. आमच्या जिन्याखाली इस्त्रीचं दुकान आहे. इस्त्रीवाल्या काकांची मुलगी माझ्याच वयाची, शाळा महापालिकेची, मराठी माध्यम. घरात फोन एक, तोही काकांच्या खिशात, कारण कपड्यांच्या ऑर्डर त्यावर यायच्या. त्यामुळे दहावीच्या ऑनलाइन वर्षात ती निम्म्या तासांना हजरच नव्हती. शाळेकडे तिच्या 'वर्षभराच्या कामाचा' पुरावा काय असणार? पण बालभारतीची पुस्तकं तिनं दुकानात बसून अक्षरशः पाठ केली होती. त्या पार्किंगच्या सभेला तिच्या वडिलांना कुणी बोलावलं नव्हतं. ते बाजूला शर्टांना इस्त्री करत सगळं ऐकत होते.

सीईटी रद्द झाल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात कपडे द्यायला गेले होते. ती म्हणाली, "पेपर कठीण असता तरी चाललं असतं गं. पण निदान सगळ्यांना एकच असता."

मला ते वाक्य विसरता येत नाही.

पुढे आम्ही वेगळ्या वाटांनी गेलो. मी अकरावी सायन्सला, ती तिच्या मार्कांवर पॉलिटेक्निकला. आणि इथे मला आईचंही म्हणणं पूर्ण पटेनासं झालं. कारण बारावीनंतरची एमएचटी-सीईटी तर सगळ्यांना सक्तीची होती, आणि अभ्यासक्रमही ठरलेला : ८० टक्के बारावीचा, २० टक्के अकरावीचा. दूध का दूध? छे! माझ्यासाठी दोन वर्षांचा 'इंटिग्रेटेड' क्लास होता, टेस्ट सिरीज होती, एसी अभ्यासिका होती. त्या क्लासची फी आपल्या हॉस्टेलच्या फीपेक्षा जास्त होती. पेपर सारखाच होता, पण पेपरपर्यंत पोचायचा रस्ता सारखा नव्हता. माझ्या पर्सेंटाइलमध्ये माझी मेहनत किती आणि बाबांचे चेक किती, हे कुठलीही नॉर्मलायझेशनची पद्धत सांगू शकत नाही.

त्याच सुमाराला न्यू जर्सीच्या मावशीचे फोन यायचे. तिचा मुलगा माझ्याच वयाचा. तिकडे सॅट नावाची परीक्षा १९२६ पासून आहे, पण २०२० मध्ये सेंटरं बंद पडली आणि बहुतेक कॉलेजांनी तीही ऐच्छिक केली. मेनमधल्या बोडन कॉलेजनं तर १९६९ मध्येच केली होती. मावसभावाला १६०० पैकी १४५० पडले. आपल्याकडे एवढ्यावर सोसायटीत बॅनर लागला असता! मावशीला मात्र प्रश्न, "हा स्कोअर पाठवू की लपवू?" कारण परीक्षा ऐच्छिक झाल्यावर ज्यांचे गुण चांगले तेच पाठवणार, मग कॉलेजचा सरासरी आकडा फुगणार, आणि तो बघून १४५० वाला घाबरणार. मराठी मंडळाच्या गणपतीतसुद्धा आरती झाली की आयांची हीच चर्चा.

पुढचं वाचून मी चकित झाले. आपल्या सगळ्यांच्या स्वप्नातलं एमआयटी २०२२ मध्येच परीक्षा सक्तीची करून मोकळं झालं. त्यांचं कारण असं की ज्यांच्या शाळेत वरच्या पातळीचे विषयच शिकवत नाहीत, अशी हुशार मुलं परीक्षेमुळे सापडतात. २०२४ मध्ये डार्टमथला आढळलं की गरीब घरांतली काही मुलं, जे गुण त्यांच्या उपयोगी पडले असते तेच लपवत होती. चांगलं काय आणि वाईट काय हे सांगायला त्यांच्याकडे कुणी नव्हतं. त्यानंतर येल, ब्राऊन, हार्वर्ड यांनीही परीक्षा परत आणली. कॅलिफोर्निया विद्यापीठानं मात्र उलट वाट धरली आणि प्रवेशासाठी सॅटचे गुण बघणंच बंद केलं.

मग परीक्षाच खरी, असं म्हणायचं का? तेही नाही. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सॅटचे गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांना या बड्या कॉलेजांत प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असते. माजी विद्यार्थ्यांची मुलं, महागडे खेळ, 'सर्वांगीण व्यक्तिमत्त्व' अशा दारांनी ती आत येतात. म्हणजे परीक्षेला क्लास लावता येतो, तसा व्यक्तिमत्त्वालाही लावता येतो. उलट तो जास्त महाग असतो!

यातून मला जे कळलं ते एवढंच. ऐच्छिक ही सवलत कागदावर सगळ्यांना असते. पण निवड करायला माहिती लागते, विचारायला कुणीतरी मोठं माणूस लागतं, चुकलं तर दुसरी वाट लागते. ज्याच्याकडे हे तिन्ही आहे तो निवडतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी दुसरेच निवडतात, बहुतेक वेळा पार्किंगमध्ये बसून. आणि प्रत्येक पालक 'न्याय' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर स्वतःचंच मूल असतं. यात पालकांचा दोष नाही, त्यांचं काम तेच आहे. पण म्हणूनच नियम करणाऱ्यानं आधी त्या माणसाला विचारावं, जो सभेला आलेला नाही.

इस्त्रीवाल्या काकांची मुलगी तीन वर्षांचा डिप्लोमा करून २०२४ मध्ये थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला आली. दुसऱ्या कॉलेजात आहे, माझ्यासारखीच थर्ड इयरला. "बघा, शेवटी सगळं नीट झालं ना!" असं आई म्हणते. मला तसं म्हणवत नाही. तिच्या वर्गातल्या तिच्याइतक्याच हुशार दोघी दहावीनंतर शिकल्याच नाहीत, हे तिनंच मला सांगितलंय.

आपल्या हॉस्टेलवर 'डिप्लोमावाले' आणि 'बारावीवाले' अशा दोन जाती आहेत. सबमिशनच्या रात्री डिप्लोमावाल्यांच्या ड्रॉइंग आणि वर्कशॉपच्या ज्ञानावर आपण सगळे जगतो, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये "त्यांना कुठे सीईटी द्यावी लागली" म्हणतो. सीईटी न देणं ही त्यांची चैन होती, असं समजणाऱ्यांना माझी एकच विनंती. आज रात्री मेसमध्ये त्यांच्यापैकी एकाच्या शेजारी ताट घेऊन बसा आणि विचारा, दहावीनंतर ही वाट तू निवडलीस की तुझ्यासाठी निवडली गेली? उत्तर ऐकायला वेळ लागेल, तेव्हा पोळ्या जास्त घ्या!

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार विभाग