तांदूळ निवडता येतात ना, मग पत्रही येईल!

मैत्रिणींनो, सहा वर्षं दवाखान्यात वॉर्ड सांभाळलेली मुलगी तुमच्या ओट्यापाशी उभी राहून "मावशी, मी ढच आहे गं" म्हणून डोळे पुसू लागली, तर काय कराल?

ही माझी भाची. सांगलीला नर्स होती. लग्नानंतर इथे इंग्लंडात, लेस्टरला आली आणि वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली. इथे नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी तिने 'ओ.ई.टी.' ही परीक्षा दिली. ऐकणं, वाचणं, बोलणं जमलं. लिहिण्यात मात्र दोनदा घसरली. रुग्णाची टिपणं ५ मिनिटं वाचायची आणि ४० मिनिटांत त्यावरून १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं!

मी पडले जुनी मास्तरीण. लाल पेन घेऊन बसले. तिसऱ्या रविवारी निरोप आला, "आज ड्यूटी आहे." मी काय ते समजले.

मग तिची पत्रं शांतपणे वाचली. इंग्रजी बरं होतं हो! पण टिपणांतलं काही म्हणून सोडायला तिचा जीव धजत नव्हता. त्या परीक्षेत गुण देण्याचे निकष सहा, त्यांत भाषेचा एकच. बाकीचे हेतू, मजकूर, नेमकेपणा, शैली आणि मांडणी यांचे.

पुढच्या वेळी पेन लपवलं. टिपणांतली एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर लिहून ताटात ओतली. पत्र कुणाला, त्याच्या चिठ्ठ्या वाटीत. ५ मिनिटांचं घड्याळ लावून 'हवं' आणि 'नको' असे दोन ढीग करायचे. 'हवं'चं कारण सांगता आलं नाही, तर ती चिठ्ठी माझी! पहिल्या डावात मी ११ चिठ्ठ्या जिंकले.

मग वाटीतून 'आहारतज्ज्ञ'ऐवजी 'घरी येणारी नर्स' निघाली. "घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही" ही चिठ्ठी तिने झटकन 'नको'तून 'हवं'त टाकली आणि थबकली. "मावशी, पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला आम्ही हेच तर सांगायचो! हे मला येतं!"

त्या दिवसापासून ती माझ्याकडून हरली नाही.

नुसत्या खेळानं परीक्षा सुटत नाही, बरं का. ढीग झाले की घड्याळ लावून अख्खं पत्र लिहावंच लागतं. आठवड्याला दोन पत्रं, तीही रात्रपाळीनंतर, तिने नेमानं लिहिली. तिसऱ्या खेपेला पास झाली. नोंदणीच्या पुढच्या परीक्षा अजून बाकी आहेत.

तुमच्या घरी सून, जाऊ, भाची अशी कुणी परक्या भाषेत परीक्षेला बसत असेल, तर लाल पेन जरा बाजूला ठेवा. मोठ्या बाईला चूक कळत असते. ती हसत हसत करायला जागा हवी असते, एवढंच.