पांढरीचा माग

आजचा धागा आमच्या गावाकडच्या मातीचा. मी सोनईचा. आजोबा शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणत. पुरातत्त्वज्ञाचे निम्मे भाकीत या दोन शब्दांत आहे, हे मला फार उशिरा कळले.

एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या वस्ती राहिली, की चुलीची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साचून काळ्या रानात फिकट उंचवटा तयार होतो. नदीकाठ, पुराच्या पाण्यापासून उंच जागा आणि जवळ कसदार काळी जमीन, एवढे जुळले की तिथे पायी हिंडून पाहावे. आमच्याच तालुक्यात, प्रवरेकाठी नेवाशाला, १९५४ पासून ह. धी. सांकलियांनी उत्खनन केले. त्याच नदीवर वरच्या अंगाला दायमाबाद. ते स्थळ १९५८ मध्येच उजेडात आले होते. तरीही तिथली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही कांस्यशिल्पे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला योगायोगानेच सापडली. अश्मयुगाला मात्र हे गणित लागू पडत नाही. नेवाशाची दगडी हत्यारे प्रवरेच्या दरडीतल्या गोट्यांच्या थरांत आहेत. वर उभे राहिलेल्याला त्यांची चाहूलही लागत नाही.

हे भाकीत आधी का हवे? १९५८ चा कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळांभोवती कुंपण घालतो. ज्या टेकाडाची कुठे नोंदच नाही, ते औद्योगिक भूखंडाच्या आराखड्यात केवळ ‘सपाट करावयाची जमीन’ असते. नेदरलँड्सने १९९७ मध्ये देशभराचा संभाव्यतेचा नकाशा काढला. त्यातही एक मेख आहेच: जिथे शक्यता कमी दाखवली, तिथे कोणी शोधायला जात नाही, आणि मग तिथे काही सापडतही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मीही तालुक्याच्या नकाशावर पेन्सिलीने खुणा केल्या. एका उसाच्या रानात तांबड्या खापरांवर काळ्या रेघा दिसल्या. टिचकी मारली की खणखणीत वाजणारी ती जोर्वे पद्धतीची खापरे पाहून मी हरखलो आणि ठळक वर्तुळ काढले.

बांधावरचे वृद्ध शेतकरी हसले. “बाळा, ही माती इथली नाही. खत म्हणून आम्ही पांढरी गाड्यांनी आणून टाकली.”

“कुठून आणली, बाबा?”

त्यांनी नदीकडे हात केला. तिथे सपाट आवार होते, आणि आवारात पत्र्याचे गोदाम.