डागांपेक्षा धूर

भिलाईच्या मोठ्या कारखान्यात साध्या लोखंडाचे रूळ आणि प्लेटा होतात. सरकारी पोलाद कंपनी ‘सेल’चं स्टेनलेस येतं तमिळनाडूतल्या सेलमहून. पण आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दोन्ही धातू शेजारीशेजारी पडलेले.

आज पुन्हा तेच. साध्या लोखंडावर फिरवलेलं ग्राइंडिंग व्हील स्टेनलेसवर चालवलं. लोखंडाचे कण रुततात आणि पावसाळ्यात टाकीवर तांबूस ठिपके उमटतात. किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे वर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, सगळी राखण त्याची.

मला मात्र डागांपेक्षा धूर छळतो. वेल्डिंगच्या उष्णतेत तेच क्रोमियम षट्संयुजी होऊन धुरात मिसळतं, आणि ते कर्करोगकारक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा सगळाच धूर कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला. आमच्याकडे उपाय काय, तर तोंडाला गमछा! जोडाजवळच धूर ओढून घेणारी सोय हवी.

आणि वेल्डिंगनंतर जोड साफ करायची ती पिकलिंग पेस्ट! त्यातलं हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीवर पडलं तरी कधीकधी लगेच दुखत नाही. आत मुरत हाडापर्यंत जातं. भरपूर पाण्यानं धुवून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळायचं आणि दवाखाना गाठायचा. जेल मागितलं की ठेकेदार म्हणतो, “मागवतो.” पेस्टचा नवा डबा मात्र जुना संपायच्या आत येतो.